उलट्या आट्याचा नट

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. सासूबाईंना ठाऊक नाही, शेजारपाजाऱ्यांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, आणि ज्या माणसाला ती सगळ्यांत आधी कळायला हवी होती त्याला तर नाहीच नाही. एकदा गाडीखाली उताणा पडलेला असताना मी ती सायलेन्सरला सांगून बघितली होती. तेवढीच काय ती तालीम. आता तुम्हाला सांगतोय, तर जरा दमानं घ्या. मी वळणं घेत घेत येणार आहे. सरळ येणं मला जमत नाही — का, ते कळेलच.

आधी माझी पायरी सांगतो. मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका बर्फाच्या कारखान्यात मेन्टेनन्सला आहे, आणि मी घरजावई आहे. म्हणजे तसा तात्पुरता. भाड्याची खोली मिळेपर्यंत म्हणून मिरजोळ्यात सासऱ्यांकडे राहायला आलो, त्याला अकरा वर्षं झाली. खोली अजून बघतोय. आता घरजावयाचं घरात भांडवल ते काय? घर त्याचं नाही, माड त्याचे नाहीत, दारातलं कुत्रंसुद्धा त्याला ओळख दाखवायची की नाही हे सासूबाईंच्या तोंडाकडे बघून ठरवतं. माझं भांडवल एकच होतं. मिक्सर दुरुस्त केला, विहिरीवरचा पंप चालू केला, की सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, 'जावयांच्या हाताला गुण आहे.' मी ते ऐकलंच नाही असं दाखवायचो आणि पुढचे आठ दिवस त्याच्यावर काढायचो.

सासरे म्हणजे अण्णा. सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर. घाट, पाऊस, गणपतीची गर्दी, होळीची गर्दी — आणि इतक्या वर्षांत एकही अपघात नाही. त्याबद्दल त्यांना एक बिल्ला मिळाला होता, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. तो पांढऱ्या रुमालात गुंडाळून कपाटात असायचा आणि दसऱ्याला पाटावर कोयता, पहार आणि माझी पान्यांची पेटी यांच्या शेजारी पूजेला बसायचा. 'मानूस सोडा,' अण्णा म्हणायचे, 'आपल्या गाडीखाली कोंबडी गेली नाय.' कोकणातले रस्ते आणि कोंबड्या ज्यानं बघितल्यात त्याला यातली थोरवी कळेल.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी गाडी घेतली. तिच्यातून नारळ, फणस, तांदळाची पोती, एकदा तर शेजाऱ्याचं वासरू, असं सगळं नेऊन मागचा भाग बसला. मागची दोन्ही चाकं वरच्या बाजूनं आत कलली आणि टायरना आतून टक्कल पडायला लागलं. अण्णा म्हणाले, लांज्याला त्यांच्या ओळखीचा एक मेस्त्री आहे, त्याला दाखवू. आणि मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हणालो, मेस्त्री कशाला? मी आहे ना.

सुचली कुठून, तर मोबाइलवरून. एक परदेशी टकलू माणूस काळे हातमोजे घालून गाडीच्या मागच्या चाकांचे दांडे बदलत होता. मागची चाकं ज्या आडव्या दांड्यांनी धरलेली असतात, ते कंपनीचे दांडे ठरावीक लांबीचे असतात. त्याऐवजी लांबी कमी-जास्त करता येणारे दांडे बसवायचे, म्हणजे कललेलं चाक परत सरळ उभं करता येतं. दांड्याच्या मधली नळी फिरवायची, लांबी जुळली की दोन्ही टोकांचे नट आवळायचे. बारा मिनिटांत त्याचं काम झालं होतं. मी तसलेच दोन दांडे एका कंपनीकडून ऑनलाइन मागवले. मला रविवारचा अख्खा दिवस लागला, पण झालं. अण्णा सगळा वेळ शेजारी उभे. जॅकखेरीज गाडीखाली चिरे लावायला निघालो तर त्यांनी लावू दिले नाहीत, चिरा फुटतो म्हणाले, आणि स्वतः फणसाचे ओंडके आणून लावले. माझ्या जिवाची त्यांना केवढी काळजी होती बघा.

आता त्या नटाकडे येतो. दोन्ही दांड्यांच्या एकेका टोकाच्या नटावर इंग्रजी एल कोरलेला होता. मी म्हटलं, एल म्हणजे लेफ्ट. म्हणजे कंपनीनं दोन्ही दांडे डाव्या बाजूचेच पाठवले! अण्णांच्या देखत कंपनीला फोन लावला आणि कडक आवाजात झाडलं. पलीकडचा माणूस शांतपणे काहीतरी म्हणाला, मी 'ठीक है, ठीक है' करून ठेवून दिला. अण्णांना सांगितलं, दोन्ही बाजूंना चालतात म्हणे.

आणि मला काही माहीतच नव्हतं हो त्या नटाचं —

नाही. हे खोटं आहे. बघा, अजून जीभ वळते तशी. त्या माणसानं सांगितलं होतं. एल म्हणजे डावी बाजू नव्हे, उलटे आटे. नेहमीचा नट उजवीकडे फिरवला की आवळतो, हा डावीकडे फिरवला की आवळतो. त्यानं हे दोनदा सांगितलं. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, बर्फाच्या कारखान्यात वर्षानुवर्षं नट आवळतोय, हा कोण मला आटे शिकवणार? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तसा मी फोन खिशात टाकून रिकामा झालो.

दुसऱ्या दिवशी शहरात अलाइनमेंट करायला गेलो. तिथल्या माणसानं गाडी मशीनवर घेतली, चाकांना आरसे लावले, नळ्या फिरवून लांबी जुळवली. पडद्यावर सगळे आकडे हिरवे झाले. तो नट आवळायला पाना घेऊन वाकला, तर मी म्हणालो, थांबा, नट मी मारतो, माझे पार्ट आहेत. तो छापील कागद काढायला आत गेला आणि मी एकेक नट आवळला. उजवीकडे. एलवाला नट फिरला, फिरत राहिला, आणि मग कच्चकन थांबला. काय समाधान वाटलं! तो थांबला होता खरा, पण दुसऱ्या टोकाला जाऊन. मी सगळी ताकद लावून त्याला सैल केलं होतं. आमच्याकडे डोक्यानं जरा सरकलेल्या माणसाला 'याचे आटे ढिले आहेत' म्हणतात. माझे चांगले घट्ट होते, फक्त उलटे.

राहिलेल्या एकेका नटाच्या जिवावर गाडी आठ-दहा दिवस सुतासारखी चालली. सासूबाईंनी आमच्या आळीत एक घर सोडलं नाही, सगळीकडे माझ्या हाताचा गुण पोचवून आल्या. मग एक दिवस अण्णा बाजारातून आले, गाडी लावली, तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरवर बोटांची पेरं वाजवली आणि मला म्हणाले, 'जावयबापू, गाडी मागनं सरकते. पुढचं काय नाय, मागचं हाय.'

बघा हं — नुसत्या हातांनी त्यांनी नेमकं सांगितलं होतं. उजव्या बाजूच्या दांड्याचा राहिलेला नटही सुटला होता आणि नळी फिरायला लागली होती. ते मागचं उजवं चाक हळूहळू बाहेर बघायला लागलं होतं, म्हणून गाडीची शेपूट उजवीकडे जायची आणि नाक डावीकडे. एकदा खाली वाकून बघितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. मी काय केलं? मी तो छापील कागद आणला. हिरवे आकडे दाखवले आणि म्हटलं, अण्णा, मशीननं मोजलंय, पॉइंटमध्ये. हातांना काय कळतंय?

अण्णांनी चष्मा लावून कागद बराच वेळ बघितला. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. 'मशीन कशाला खोटं बोलंल,' म्हणाले आणि कागद घडी घालून गाडीच्या कप्प्यात ठेवला.

पुढच्या मंगळवारी हेदवीला जायचं होतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं म्हणून दशभुज गणपतीला बोललेला नवस फेडायचा होता. अण्णा गाडी चालवत, मी त्यांच्या शेजारी, मागे सासूबाई, माझी बायको मनीषा आणि नारळांची पिशवी. जयगडपर्यंत मला दिसत होतं — सरळ रस्त्यावरसुद्धा त्यांचं स्टेअरिंग सतत थोडं उजवीकडे ओढलेलं होतं. गाडी खेकड्यासारखी, आमच्या भाषेत कुर्लीसारखी, तिरकी चालली होती. आणि माझ्या बुडाखालून, सीटमधून, मला ते कळलं. त्या क्षणी कळलं. एल, उलटे आटे, फोनवरचा माणूस — सगळं एकदम. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, काजू यंदा उशिरा दिसतो.

जयगडला फेरीबोटीत गाडी लोखंडी फळीवरून चढवायची असते. बोटीवरचा माणूस हातानं खुणा करत होता. अण्णांनी एसटी जिथून नेलीय तिथून तुम्हीआम्ही सायकल हातात धरून नेऊ, त्यांना ही फळी म्हणजे काय? पण फळीच्या कडेवर मागची चाकं आपटली, ते उजवं चाक आणखी तिरकं झालं, शेपूट हातभर सरकली, नाक डावीकडे वळलं आणि बोटीच्या कठड्याला टेकायच्या आधी मध्ये आली ती एक टोपली. बांगड्यांची. टोपली चेपली, बांगडे बोटभर पसरले आणि त्यातला एक थेट आमच्या बोनेटवर येऊन पडला. कुणाला काही लागलं नाही. कुणीतरी हसलं. खरं सांगू? हसण्यासारखंच होतं. अण्णांनी ब्रेक दाबून धरला होता आणि ते त्या बांगड्याकडे बघत होते.

टोपलीवाली कमरेवर हात ठेवून भांडायच्या तयारीनं पुढे आली आणि काचेतून आत बघून थबकली. 'अण्णा डायवर? तुमी व्हय?'

ही काशीबाय. अण्णांच्या सकाळच्या गाडीनं ती कित्येक वर्षं टोपल्या घेऊन बाजाराला गेली होती. अण्णा ब्रेक असा मारायचे की तिची टोपली जागची हलायची नाही, हे तिनंच नंतर मनीषाला सांगितलं. अण्णा खाली उतरले, वाकले आणि एकेक बांगडा वेचून तिच्या टोपलीत टाकायला लागले. भरपाईची गोष्ट काढली तर तिनं हात झटकला. 'ऱ्हाऊ दे वो. वय झालं, चालायचंच.'

तुम्ही म्हणाल, इथे तरी बोलायचं होतं. हो. 'वय नाही हो काशीबाय, माझा नट सुटलाय,' एवढंच वाक्य. मी काय करत होतो सांगू? मी अण्णांच्या बरोबरीनं बांगडे वेचत होतो. फार मन लावून वेचत होतो. मनीषा नंतर म्हणाली, अण्णांची तुला किती कणव आली रे.

बोट तवसाळला लागली तेव्हा अण्णांनी चावी माझ्या हातात दिली आणि डाव्या बाजूनं आत बसले. आता विचार करा — तीच गाडी, तेच वाकडं चाक, आणि चालवणारा मी! हेदवीपर्यंत आणि परत मिरजोळ्यापर्यंत मी ती कुर्ली सरळ चालते आहे असं दाखवत आणली. स्टेअरिंग वाकडं धरलं की मधलं चिन्ह तिरकं दिसायचं, म्हणून त्याच्यावर डाव्या हाताचा पंजा झाकून ठेवला. दोन्ही दंड भरून आले, मानेवरून घाम. देवापुढे उभा राहिलो तर हात जोडताना कापत होते, सासूबाईंना वाटलं भक्तीनं. येताना अण्णा सगळी वाट डावीकडे बाहेर बघत होते. घर जवळ आलं तसे एकदाच बोलले.

'सरळ चालते हो, तुमच्या हातात.'

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुण्याच्या निमित्तानं खाली शिरलो. जुन्या खुणेवर नळी फिरवून आणली आणि नट आवळले — एलवाले डावीकडे, हो, डावीकडे, आणि बाकीचे उजवीकडे. चाराचे चारही. दोन दिवसांनी कामाचं कारण सांगून गुपचूप परत मशीनवर नेऊन आलो. सगळे आकडे हिरवे. तो नवा कागद मी बारीक तुकडे करून टाकला, कारण एक कागद असताना दुसरा लागलाच कशाला, असं कुणी विचारलं असतं तर?

इथपर्यंत ठीक आहे असं म्हणू. म्हणजे ठीक नाही, पण चूक होते, माणूस घाबरतो, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसतो. एवढंच असतं तर मी तुम्हाला इतका वेळ बसवलं नसतं. खरं जे सांगायचंय ते यानंतर महिन्याभरानं झालं.

रविवारी सकाळी मी ओटीवर चहा पीत होतो. अण्णा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, पांढरा शर्ट घालून आले. हातात चावी. आणि माझ्याकडे — स्वतःच्या गाडीच्या चावीसाठी, स्वतःच्या घरात, घरजावयाकडे — परवानगी मागावी तसे उभे राहून म्हणाले, 'एकदा बघू काय? अंगणातल्या अंगणात. हात अगदीच गेले काय, ते बघतो.'

गाडी तेव्हा एकदम सरळ होती. ते बसले असते तर ती त्यांच्या हातात रेषेत चालली असती, हे मला माहीत होतं. आणि मला भीती कसली वाटली सांगू? ते आपटतील याची नाही. ते सरळ चालवतील याची. कारण मग त्यांनी विचारलं असतं, त्या दिवशी काय झालं होतं मग? आणि अण्णा गाडीखाली बघणाऱ्यांतले होते.

मी म्हणालो, 'कशाला अण्णा? उगाच या वयात.'

वय हा शब्द मी काशीबायचा उचलला होता. चांगला चालला. त्यांनी मान हलवली, चावी खुंटीला लावली, आत गेले आणि पांढरा शर्ट बदलून आले. त्यानंतर त्यांनी स्टेअरिंगला हात लावलेला नाही. सहा वर्षं झाली. बाजाराला जायचं असलं तर मी सोडतो, नाहीतर रिक्षा. माझ्या शेजारी बसले की वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबतो, माझ्या आधी, बरोब्बर जागेवर. मी ते दर वेळी बघतो. त्यांची नजर, त्यांचे हात, त्यांचा पाय — सगळं जागेवर आहे. हे त्या घरात फक्त मला माहीत आहे, कारण त्यांना आता ते खरं वाटत नाही. घरी कुणी आलं की कप्प्यातला तो जुना कागद काढून दाखवतात, 'गाडीत काय दोष नव्हता, मशीनचं सर्टिफिकेट हाय. माजेच हात गेले.'

गेल्या दिवाळीत पाडव्याला मनीषानं मला ओवाळलं. सासूबाईंनी दरवर्षीप्रमाणे शर्टाचं कापड दिलं. मग अण्णा उठले, कपाटातून पांढरा रुमाल आणला आणि तो बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, गाडी चालवणाऱ्याकडे असावा. मला काही बोलवलं नाही —

बोलवलं. मी 'थँक्यू अण्णा' म्हणालो. आणि घेतला.

तो आता आरशाला लोंबतो. अण्णांनीच दोरा ओवून दिला. खड्ड्यात हलतो, मग परत सरळ होतो.

दर दोन-तीन महिन्यांनी मी गाडीखाली शिरतो आणि ते एलवाले नट तपासतो. सैल झालेले नसतात, तरी पाना लावून डावीकडे ओढून बघतो. परवाही शिरलो होतो. फणसाचे ओंडके अण्णांनीच आणून लावले, ते अजून दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत. मग शेजारी खुर्ची घेऊन बसले. मला खालून त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या. जरा वेळानं त्यांनी विचारलं, 'काय बघताय हो एवढं?'

मी नट आवळत म्हणालो, 'काही नाही अण्णा.'